पंधरवड्याचें काम

पनवेलजवळचा तळोजा आज दोन प्रकारच्या श्रमांचें ठिकाण झाला आहे. एकीकडे औद्योगिक विकास महामंडळाची विस्तीर्ण वसाहत आहे. तेथें खतें, आम्लें, रसायनें, औषधांचे घटक आणि धातूंच्या वस्तू तयार होतात, व तेथील कामगाराचें आयुष्य पाळीच्या वेळापत्रकानें चालतें. दुसरीकडे सिडकोनें आणि खासगी बांधकाम करणाऱ्यांनीं उभारलेल्या उंच इमारती आहेत. त्यांत राहणारे पुष्कळ तरुण-तरुणी सकाळीं बेलापूर, ऐरोली, महापे अशा ठिकाणच्या सॉफ्टवेअर कार्यालयांकडे निघतात. कारखान्यांत जाणाऱ्याचें काम काय, हें घरच्या मंडळींना साधारणपणें समजतें. संगणकापुढें बसणाऱ्याचें काम मात्र वडील माणसांना बहुधा कोडेंच राहतें. घरांतील सून सांगते, ‘आज प्लॅनिंग आहे, जेवायला थांबूं नका.’ दहा-बारा दिवसांनीं ‘स्प्रिंट संपत आली’ म्हणून ती उशिरापर्यंत जागते, आणि लगेच पुढच्या सोमवारीं पुन्हा प्लॅनिंग! जें काम करायचें त्याचा आराखडा एकदांच नीट आंखून मोकळें कां होतां येत नाहीं, असा प्रश्न घरांतील जाणत्या माणसाच्या मनांत येतो, आणि तो अगदीं रास्त आहे. त्याचें उत्तर देतांना कामाचें स्वरूप, मनुष्याच्या अंदाजाची मर्यादा आणि दिलेल्या शब्दाची किंमत या तीन गोष्टींचा विचार करावा लागतो.

तळोज्याच्याच लोकांना परिचित असें एक उदाहरण घेतां येईल. बेलापूर ते पेंधर या मेट्रोमार्गाचें काम २०११ सालीं सुरू झालें आणि १७ नोव्हेंबर २०२३ रोजीं त्यावरून प्रवाशांची ये-जा सुरू झाली. लांबी अकरा किलोमीटरांहून किंचित् अधिक, स्थानकें अकरा. या कामाला झालेला विलंब सर्वांनीं सोसला. परंतु काय बांधावयाचें आहे याविषयीं पहिल्या दिवसापासून फारसा संशय नव्हता. खांब कोठें, रूळ कोणत्या रुंदीचे, स्थानक किती उंच, हें नकाशावर मांडतां येत होतें. शिवाय अर्ध्या खांबाचा कोणाला कांहीं उपयोग नसतो. खांब उभा राहिला, तुळई बसली, रूळ जोडले, म्हणजेच गाडी धांवते.

संगणकाच्या आज्ञावलीची गोष्ट या दोन्ही बाबतींत उलटी आहे. ती डोळ्यांना दिसत नाहीं. ज्याला ती हवी असते त्यालाहि आपल्याला नक्की काय हवें आहे तें पुष्कळदां ती हातीं आल्यावरच उमगतें. ‘मला हें असें नको होतें’ हें वाक्य जितक्या सहजतेनें या व्यवसायांत ऐकूं येतें तितकें तें पूल बांधणाऱ्याच्या कानीं पडत नाहीं. पण या अडचणीबरोबर एक सवलतहि आहे. आज्ञावलीचा लहानसा भाग पुरा केला तर तो त्याच दिवशीं वापरतां येतो, आणि चुकला तर कांहीं दिवसांत बदलतां येतो. लहान आवर्तनांची सारी पद्धति या अडचणीवर आणि या सवलतीवर उभी आहे.

पूर्वीं असें मानलें जात नव्हतें. आधीं सर्व अपेक्षा लिहून काढाव्या, मग रचना करावी, मग आज्ञावली लिहावी, शेवटीं तपासावी, आणि प्रत्येक पायरी पुरी झाल्यावरच पुढची चढावी, अशी रीत मोठ्या कामांत रूढ होती. या रीतीचें चित्र विन्स्टन रॉइस या अमेरिकन अभियंत्याच्या १९७० सालच्या निबंधांत आढळतें. त्याच निबंधांत रॉइसनें असेंहि बजावलें होतें कीं, ही रीत जशीच्या तशी आचरणें धोक्याचें आहे. कारण खरी परीक्षा सर्वांत शेवटीं होते आणि तेव्हां चूक सांपडली तर मुळापासून फेरफार करावे लागतात. लोकांनीं चित्र उचललें व इशारा बाजूला ठेवला.

या रीतीचा परिणाम किती महाग पडूं शकतो याचें एक उदाहरण फार बोलकें आहे. अमेरिकेच्या एफ.बी.आय. या तपास-संस्थेनें आपले खटल्यांचे कागद संगणकावर आणण्यासाठीं एक मोठी योजना हातीं घेतली. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तिची निकड कितीतरी पटींनीं वाढली. कारण एका कार्यालयांतील माहिती दुसऱ्या कार्यालयास वेळेवर दिसणें हा आतां जिवावरचा प्रश्न होता. अपेक्षांची यादी आठशेंहून अधिक पानांची झाली. काम चालू असतां ती यादी वारंवार बदलत राहिली, आणि सर्व कांहीं एकदम तयार होऊन एकदम सुरू होणार होतें. अखेर २००५ सालीं ही योजना सोडून द्यावी लागली. तोंपर्यंत सुमारें १७ कोटी डॉलर खर्च झाले होते, आणि तपास-अधिकाऱ्यांच्या हातांत कागदाच्या फायलीच राहिल्या. पुढें ‘सेंटिनल’ नांवाची दुसरी योजना आली. तीहि २०१० सालापर्यंत रेंगाळली. तेव्हां संस्थेनें तें काम स्वतःकडे घेऊन लहान तुकडीच्या हातीं दिलें व दोन-दोन आठवड्यांच्या आवर्तनांनीं चालविलें. जुलै २०१२ मध्यें ती प्रणाली अधिकाऱ्यांच्या वापरांत आली. लहान आवर्तन ही जादू आहे असा याचा अर्थ नव्हे. दर पंधरवड्यास काय झालें व काय झालें नाहीं हें उघड दिसूं लागलें, एवढाच फरक पडला, आणि तोच निर्णायक ठरला.

ही कल्पना एका माणसाच्या डोक्यांतून एका दिवशीं निघाली नाहीं. योजना करावी, कृति करावी, फळ तपासावें आणि त्यावरून सुधारणा करावी, हें चक्र शूहार्ट व डेमिंग या शास्त्रज्ञांच्या गुणवत्ताविषयक विचारांतून पुढें आलें. युद्धोत्तर जपानांत टोयोटाच्या कारखान्यानें थोडा थोडा माल, लागेल तेव्हां आणि लागेल तितकाच, हें तत्त्व अंगीं बाणविलें. १९८६ सालीं ताकेउची व नोनाका या जपानी अभ्यासकांनीं एका लेखांत नवी वस्तु घडविणाऱ्या तुकडीची तुलना रग्बीच्या खेळाशीं केली. रिले शर्यतींत एक धावपटु दुसऱ्याच्या हातीं काठी देऊन थांबतो. रग्बींत सारी तुकडी एकदम पुढें सरकते. त्या खेळांतील ‘स्क्रम’ हा शब्द उचलून जेफ सदरलँड यानें १९९३ सालीं एका कंपनींत ही पद्धत चालविली, आणि १९९५ सालीं केन श्वेबर व सदरलँड यांनीं ती विद्वानांच्या परिषदेपुढें मांडली. फेब्रुवारी २००१ मध्यें अमेरिकेच्या यूटा राज्यांतील स्नोबर्ड येथें अशाच विचारांचे १७ जण जमले आणि त्यांनीं एक छोटा जाहीरनामा लिहिला. तेव्हांपासून या सर्व पद्धतींना ‘अ‍ॅजाइल’ हें नांव रूढ झालें.

नांवें परदेशी असलीं तरी लहान आवर्तनाची कल्पना मराठी माणसाला परकी नाहीं. ‘आवर्तन’ हा शब्दच धरणाच्या लाभक्षेत्रांतील शेतकरी रोज वापरतो. कालव्याला पाणी केव्हां सुटणार, किती दिवस राहणार आणि कोणाच्या पिकाला आधीं मिळणार, हें प्रत्येक आवर्तनापूर्वीं ठरवावें लागतें; कारण पाणी मोजकें असतें. कोंकणांतला भात-उत्पादक नक्षत्रें मोजतो. सूर्य एका नक्षत्रांत सुमारें साडेतेरा दिवस असतो, म्हणजे नक्षत्र हें जवळजवळ पंधरवड्याचेंच माप आहे. मृगांत पेरलेल्या रोपाची लावणी आर्द्रांत करावी कीं पुनर्वसूची वाट पाहावी, हें तो पाऊस पाहून ठरवितो. साऱ्या हंगामाचें चित्र त्याच्या मनांत असतें, पण उद्यांचा निर्णय तो आजच्या पावसावर घेतो.

घरांतलें उदाहरण तर याहून सोपें आहे. दिवाळींत चकलीचा पहिला घाणा काढल्यावर गृहिणी सगळें पीठ एकदम सोऱ्यांत भरीत नाहीं. ती एक चकली मोडून पाहते. तुकडे पडत असतील तर मोहन जास्त झालें, कडक झाली असेल तर कमी पडलें. त्याप्रमाणें उरलेलें पीठ ती सुधारते. पहिल्या घाण्यावरून दुसरा सुधारतां यावा म्हणूनच घाणा लहान ठेवायचा असतो. जो घाणा पुरा तळून चाखलाच नाहीं, त्यावरून कांहींच शिकतां येत नाहीं.

तळोज्याच्या रासायनिक कारखान्यांतहि कांहीं उत्पादन अखंड धारेनें चालतें व कांहीं घाण्याघाण्यानें होतें. कामगार त्याला ‘बॅच’ म्हणतात. बॅच सुरू होण्यापूर्वीं काय, किती, कोणत्या क्रमानें घालावयाचें तें कागदावर ठरलेलें असतें. मधून मधून नमुना प्रयोगशाळेंत जातो. एकदां भांडें भरून तापूं लागलें म्हणजे ‘आतां दुसरेंच रसायन बनवा’ असें कोणी शहाणा म्हणत नाहीं. पुढच्या बॅचमध्यें हवा तो बदल करावा. चालू बॅच मात्र सुखरूप पुरी होऊं द्यावी. सॉफ्टवेअरच्या तुकडीनें पंधरवड्याच्या कामाभोंवतीं जें कुंपण घातलें आहे त्याचा मतलब नेमका हाच आहे.

आतां हें नियोजन प्रत्यक्ष कसें होतें तें पाहण्यासाठीं एक काल्पनिक उदाहरण घ्यावें. तळोज्याच्या वसाहतींतील सांडपाण्याचा आणि कासाडी नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेला, हें सर्वश्रुत आहे. समजा, एका तुकडीकडे असें काम आलें कीं, कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तपासणीची नोंदवही संगणकावर आणावी. करण्याजोग्या गोष्टींची एक लांबलचक यादी तयार होते. तिला ‘बॅकलॉग’ म्हणतात. नमुन्याची नोंद, प्रयोगशाळेचा निकाल, मर्यादा ओलांडली तर इशारा, महिन्याचा अहवाल, जुन्या नोंदींचा शोध, असें बरेंच कांहीं तींत असतें. या यादीचा क्रम लावणें हें एका व्यक्तीचें काम असतें व तिला ‘प्रॉडक्ट ओनर’ म्हणतात. दहा जणांना विचारून दहा क्रम लागतात. म्हणून जबाबदारी एकाची.

नियोजनाच्या बैठकींत तीन प्रश्न ओळीनें येतात: या आवर्तनानें कोणाचें काय भलें होणार? त्यासाठीं यादींतील कोणतीं कामें घ्यावयाचीं? आणि तीं कशीं करावयाचीं? पहिल्या प्रश्नाचें उत्तर एका वाक्यांत देतां आलें पाहिजे. ‘प्रयोगशाळेंतील मदतनिसाला एका टाकीच्या पाण्याची आम्लता नोंदवितां यावी व ती पर्यवेक्षकाला त्याच दिवशीं दिसावी’ हें चांगलें उद्दिष्ट आहे. ‘नोंदवहीचें काम चाळीस टक्के करणें’ हें उद्दिष्टच नव्हे. कारण चाळीस टक्के नोंदवहीनें नदीचें कांहींच भलें होत नाहीं.

येथेंच या कलेची खरी मेख आहे. नवशिकी तुकडी काम आडवें कापते. पहिल्या पंधरवड्यांत माहितीचा सांठा, दुसऱ्यांत पडद्यावरचे रकाने, तिसऱ्यांत दोहोंची जोडणी. दीड महिन्यानंतर प्रथमच कांहीं दिसतें. अनुभवी तुकडी काम उभें कापते. एकच टाकी, एकच मोजमाप, एकच पर्यवेक्षक, परंतु नोंदीपासून पाहण्यापर्यंत सर्व पुरें. हा काप पातळ असला तरी त्यांत सारे थर येतात. तो पाहून मदतनीस म्हणतो, ‘हातमोजे घालून एवढीं बारीक बटणें दाबतां येत नाहींत,’ आणि ही गोष्ट आठशें पानांच्या यादींत कोणाच्याहि ध्यानीं आली नसती.

यानंतर ताकदीचा हिशेब. सहा जणांची तुकडी आणि कामाचे दहा दिवस, म्हणजे साठ मनुष्यदिवस, असें कागद सांगतो. पण बैठकी, आढावा व चर्चा यांत प्रत्येकाचा सुमारें एक दिवस धरला तर सहा दिवस गेले. आधींच चालू असलेल्या प्रणालीच्या तक्रारी निवारण्यास आठ दिवस ठेवले तर उरले सेहेचाळीस. आणि पंधरवडा गणपतीचा असेल, दोघे जण प्रत्येकीं पांच दिवस गांवीं जाणार असतील, तर हातीं राहिले छत्तीस. साठांचे छत्तीस झाले, आणि यांत आळस कोणीहि केला नाहीं. जो व्यवस्थापक साठ धरून बसतो तो वस्तुतः चोवीस दिवसांचें काम रात्रींच्या आणि रविवारच्या खात्यांवर टाकतो. त्याची किंमत तुकडींतल्या माणसांच्या घरांना द्यावी लागते.

दिवस कळले, आतां कामाचें वजन. मनुष्याला ‘हें काम किती तासांचें’ हें सांगणें अवघड जातें, पण ‘हें काम त्याच्या दुपटीचें’ हें सांगणें पुष्कळ सोपें जातें. म्हणून कामांना १, २, ३, ५, ८, १३ असे सापेक्ष गुण देतात. आंकडे मोठे होत जातात तसें त्यांच्यांतील अंतर वाढतें; कारण काम मोठें तितका अंदाज अंधुक. तेरा आणि चौदा यांतील फरक सांगण्याचा आव कोणी आणूं नये, हा त्यांतील हेतु. २००२ सालीं जेम्स ग्रेनिंग यानें यासाठीं पत्त्यांची एक युक्ति सुचविली. प्रत्येकानें आपला आंकडा पालथ्या पत्त्यावर धरावा आणि सर्वांनीं तो एकदम उलटावा. ही युक्ति दिसते पोरकट, पण आपल्याकडील रीतीरिवाज ध्यानांत घेतले तर तिचें मोल कळतें. वरिष्ठानें ‘तीन’ म्हटल्यावर नव्यानें आलेली मुलगी ‘आठ’ म्हणण्यास धजत नाहीं. पत्ते एकदम उलटले म्हणजे तिचे आठ सर्वांना दिसतात, आणि मग तिला कारण विचारावेंच लागतें. कदाचित् जुन्या नोंदींतील तारखा तीन निरनिराळ्या पद्धतींनीं लिहिलेल्या आहेत, हें त्या खोलींत तिला एकटीलाच ठाऊक असतें! आंकडा जुळण्यापेक्षां हें बोलणें होणें अधिक मोलाचें.

मागच्या तीन पंधरवड्यांत तुकडीनें २१, १८ आणि २४ गुणांचें काम पुरें केलें असेल तर सरासरी एकवीस येते. उद्यां पाऊस पडेल काय, याचा सर्वांत स्वस्त अंदाज म्हणजे आज पडला कीं नाहीं हें पाहणें. या व्यवसायांतहि त्याला ‘कालचें हवामान’ असेंच म्हणतात. नेहमींच्या सेहेचाळीस दिवसांत एकवीस, तर गणपतीच्या छत्तीस दिवसांत सोळाच्या आसपास. यावेळीं तीस गुण घेऊं, कारण साहेबांना घाई आहे, असें म्हणणें म्हणजे नियोजन नव्हे, नवस आहे.

आणखी एक करार आधींच व्हावा लागतो: ‘झालें’ म्हणजे काय? लिहून झालें म्हणजे झालें, कीं तपासून झालें म्हणजे, कीं वापरणाऱ्याच्या हातीं गेलें म्हणजे? या शब्दाचा अर्थ सर्वांनीं मिळून लिहून ठेवला नाहीं तर ‘नव्वद टक्के झालें’ असें काम महिनोन्महिने नव्वद टक्क्यांवरच राहतें.

मग आवर्तन सुरू होतें. स्क्रमच्या प्रचलित नियमांप्रमाणें एक स्प्रिंट एका महिन्याहून मोठी नसावी, आणि महिन्याच्या स्प्रिंटसाठींहि नियोजनास आठ तासांहून अधिक वेळ घेऊं नये. पंधरवड्याला अर्थातच कमी. रोज पंधरा मिनिटें तुकडी एकत्र येऊन उद्दिष्टाकडे वाटचाल कशी चालली आहे तें पाहते. ही बैठक साहेबाला हजेरी देण्यासाठीं नसून एकमेकांच्या वाटेंतील धोंडे हलविण्यासाठीं असते. अखेरीस पुरें झालेलें काम वापरणाऱ्यांपुढें ठेवतात, आणि नंतर तुकडी आपल्याच कामाच्या रीतीकडे वळून पाहते: काय साधलें, काय फसलें, पुढें कोणती एक गोष्ट बदलावी.

इतकी सोपी रीत असतांना ती पुष्कळ ठिकाणीं जाच कां होते? याचें पहिलें कारण, मोजमापाचा चाबूक होतो. एकवीस गुण ही तुकडीची स्वतःसाठीं केलेली नोंद आहे. ‘पलीकडची तुकडी तीस करते, तुम्ही एकवीसच कां?’ असें विचारतांच पुढच्या पंधरवड्यांत तीनाच्या कामाला पांच गुण मिळूं लागतात. आंकडा वाढतो, काम तेवढेंच राहतें, आणि खरें बोलण्याची संवय सुटते. दुसरें कारण शब्दाचें आहे. आरंभीं असें म्हटलें जाई कीं, निवडलेलें सर्व काम पुरें करण्याचें तुकडी वचन देते. २०११ सालीं श्वेबर व सदरलँड यांनीं आपल्या नियमपुस्तिकेंतून तो शब्द बदलून ‘अंदाज’ हा शब्द घातला. पुढें २०२० च्या आवृत्तींत वचनाचा संबंध कामांच्या यादीशीं न जोडतां उद्दिष्टाशीं जोडला गेला. हा भेद केवळ शाब्दिक नाहीं. वेधशाळा पावसाचें वचन देत नाहीं. ती अंदाज देते, आणि तो चुकला तर त्यावरून शिकते. अंदाजाला वचन समजून चुकल्याबद्दल शिक्षा केली कीं माणसें एक तर भीतीनें फारच थोडें काम स्वीकारतात, नाहीं तर रात्रीचे दिवस करून कच्चें काम पक्कें म्हणून देतात. तें कच्चेपण पुढच्या पंधरवड्यांत व्याजासह परत येतें.

तिसरें कारण म्हणजे, उशीर झाला कीं माणसें वाढवावीं, ही जुनी समजूत. फ्रेडरिक ब्रूक्स यानें १९७५ सालींच दाखवून दिलें कीं, उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामांत नवीं माणसें घातलीं तर उशीर वाढतो. कारण नव्यांना शिकविण्यांत जुन्यांचा वेळ जातो आणि परस्परांशीं बोलण्याच्या वाटा अनेक पटींनीं वाढतात. सहा जणांत अशा जोड्या पंधरा होतात, बारा जणांत सहासष्ट. म्हणून स्क्रममध्यें तुकडी साधारण दहापर्यंतच ठेवण्यास सांगितलें आहे.

या पद्धतीची मर्यादाहि स्पष्ट सांगितली पाहिजे, आणि ती सांगण्यास तळोज्यासारखें योग्य ठिकाण नाहीं. लहान आवर्तन म्हणजे विचार न करतां केलेली घाई नव्हे. १ जून १९७४ रोजीं इंग्लंडांत फ्लिक्सबरो येथील रासायनिक कारखान्यांत स्फोट होऊन २८ माणसें मेलीं. एक नादुरुस्त रिअ‍ॅक्टर काढून त्याच्या जागीं तात्पुरती नळी बसविली होती, आणि तिची रचना योग्य अभियंत्याच्या तपासणीवांचून उरकली होती. ‘आधीं चालूं करूं, मग सुधारूं’ हा न्याय तेथें लागूं पडत नाहीं; कारण सुधारण्यासाठीं दुसरा पंधरवडा मिळत नाहीं. रिअ‍ॅक्टरचा दाब सांभाळणारी किंवा रुग्णाला औषधाची मात्रा देणारी आज्ञावलीहि याच वर्गांत मोडते. तीहि लहान तुकड्यांनीं लिहावी, पण प्रत्येक तुकडा प्रत्यक्ष यंत्राला जोडण्यापूर्वीं कसून तपासावा. जेथें चूक परत घेतां येते तेथें आवर्तन धीट असावें. जेथें परत घेतां येत नाहीं तेथें धीटपणा परीक्षेच्या खोलींतच संपला पाहिजे.

महाराष्ट्रांत सार्वजनिक कामांतहि या विचाराच्या जवळचें एक उदाहरण घडलें आहे. शेतकऱ्यानें आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाइलवरून करावी, यासाठीं ई-पीक पाहणी हा उपक्रम १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाला. पहिल्या वर्षाच्या अनुभवानंतर १ ऑगस्ट २०२२ रोजीं त्याची दुसरी आवृत्ति आली. तींत शेतकऱ्याची नोंद स्वयंप्रमाणित मानण्याची, दहा टक्के नोंदींचीच तलाठ्यानें पडताळणी करण्याची आणि चुकलेली नोंद ४८ तासांत दुरुस्त करण्याची सोय झाली. येथें आवर्तनाचें माप पंधरवड्याचें नसून हंगामाचें होतें. परंतु तत्त्व तेंच. दुरुस्तीची मुभा हवी, ही साधी गोष्ट बांधावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातीं ती वस्तु गेल्यावर ठसठशीत होते. असें शिकणें हंगामांतून एकदांच होण्याऐवजीं जितक्या लवकर होईल तितका शेतकऱ्याचा त्रास वाचतो.

स्नोबर्डच्या जाहीरनाम्याबरोबर बारा तत्त्वें प्रसिद्ध झालीं. त्यांपैकीं एकाचा आशय असा कीं, कामाचा वेग असा असावा कीं, तो सर्वांना अखंड टिकवितां यावा. दुसऱ्याचा आशय असा कीं, जें काम करण्याची गरज नाहीं तें न करणें हीहि कला आहे. स्प्रिंट या शब्दाचा अर्थ जोराची दौड असा असल्यामुळें पहिलें तत्त्व लोक विसरतात. आणि सांगेल तें सर्व करणारा नोकर आवडत असल्यामुळें दुसरें विसरतात. वर्षांत सव्वीस पंधरवडे येतात. सव्वीस वेळां जीव खाऊन धांवणारा मनुष्य सत्ताविसाव्या वेळीं उठत नाहीं. म्हणून नियोजनाच्या बैठकीचा खरा कस घेतलेल्या कामांच्या संख्येवर ठरत नाहीं. ‘हें या वेळीं होणार नाहीं’ असें कोणीतरी शांतपणें म्हणूं शकलें काय, आणि तें बाकीच्यांनीं ऐकून घेतलें काय, यावर तो ठरतो. जेथें हें शक्य आहे तेथें पंधरवड्याच्या अखेरीस थोडें पण पुरें असें कांहीं वापरणाऱ्याच्या हातीं पडतें, आणि तें करणारी माणसें वेळेवर घरीं पोंचतात.